तासभर लवकर उगवलेला सूर्य

तीर्थरूप आईस,
धाकट्याचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

मी मजेत आहे. खोलीत ऊन येते, जेवणही वेळेवर होते. तुझा गुडघा कसा आहे? खरे सांग.

या भागाची वीज कोळशाऐवजी ऊन-वाऱ्यावर कशी भागवता येईल, याचा आमच्या कार्यालयात अभ्यास चालतो. मी मीटरचे आकडे तक्त्यात उतरवतो. सोमवारी पाहतो तर माझ्या तक्त्यात सौर वीज सूर्योदयाआधीच सुरू! महिन्याभराचे आकडे मी एक ओळ, म्हणजे एक तास, वर चढवले होते. किती बॅटऱ्या लागतील, ते त्यावरूनच ठरणार होते. बाकी सगळे पदवीवाले; मी दहावी नापास, तोही तीन महिन्यांच्या बोलीवर, जमले तरच पुढे ठेवणार. तरी कार्यालय चालवणाऱ्या मोठ्या बाईंना जाऊन सांगितले.

"अरे, सूर्यालाही पहाटपाळी लावलीस की!" त्या म्हणाल्या. सगळे हसले. "आम्ही चौघांनी तक्ता पाहिला, कुणाला दिसलं नाही. आता माझेही आकडे तूच तपास."

काल त्यांचीच चूक सापडली. तासभर पुन्हा पुन्हा ताडून पाहिली, मग सांगितली. त्यांनी ती लगेच दुरुस्त केली आणि हजेरीपटात पेन्सिलीने लिहिलेले माझे नाव शाईने गिरवले.

तुझा,
धाकटा