दिगूच्या झाडाचं पाणी

१ मार्च
वासंतीवहिनी उद्या नागपूरला निघतायत. लेकीचं बाळंतपण, जूनशिवाय परत नाहीत. सकाळी पाच लिटरचा कॅन घेऊन घरी आल्या. टेकडीच्या दुसऱ्या वळणावर दिगूच्या आठवणीसाठी लावलेलं कांचनाचं रोप आहे. दिगूची रक्षा नदीत न सोडता त्या रोपाच्याच आळ्यात घातली. तेव्हापासून वहिनी रोज पाणी वर नेतात. मी म्हटलं, निश्चिंत जा, टेकडी संवर्धन मंडळाचा अध्यक्ष आहे मी, सगळी टेकडीच माझ्याकडे आहे. म्हणाल्या, भावजी, टेकडी राहू दे, एवढं एक बघा.

वहिनींचा नवरा असला तरी दिगू आधी माझा शाळेपासूनचा मित्र. एवढं वहिनींनी मला सांगायला हवं होतं का? उद्यापासून पहाटे साडेपाच.

२ मार्च
धुळवड. रंगात टेकडीवर कोण जातं?

५ मार्च, सकाळ
पहिल्या वळणावरच दम लागला. तिथे एका बाईंचा लॅब्राडॉर धापा टाकत होता. अर्धं पाणी त्याला दिलं, उरलेलं थोडं मी प्यायलो, थोडं डोक्यावर ओतलं. भूतदया हाही संवर्धनाचाच भाग. शिवाय रोपाला रोज पाणी दिलं की मुळं आळशी होतात, असं वाचलंय. कुठे ते आठवत नाही.

१३ मार्च
एकेका झाडाला कॅनने पाणी घालणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा. सोसायटीच्या गच्चीतून थेट टेकडीवर पाइपलाइन, मध्ये टाकी, पुढे ठिबक. सगळ्याच झाडांना पाणी! नोकरीत असताना अशा कितीतरी योजना आखल्या. रविवारी मंडळाची मीटिंग.

१८ मार्च
मीटिंग उत्तम झाली. पायथ्याच्या बाकाचं तोंड कोणीकडे असावं यावर सखोल चर्चा. पाइपलाइनचा विषय पुढच्या वेळी. हेमाने दोनदा पोहे केले आणि भांडी आपटत म्हणाली, एवढ्या वेळात चार कॅन वर गेले असते. बायकोला प्लॅनिंग कळत नाही.

२९ मार्च
वहिनींचा मेसेज. झाडाचा फोटो पाठवा. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मोबाइलमध्ये जानेवारीतला सापडला, तो पाठवला. फोटो म्हणजे फोटो. तारीख कुठे विचारली होती?

संध्याकाळी उत्तर आलं. पानं छान दिसतायत, यांना बरं वाटलं असतं.

जेवण गेलं नाही. हेमाला म्हटलं, ॲसिडिटी.

३० मार्च
वर गेलो. भरलेला कॅन घेऊन. रोपावर एकही पान नाही. पानगळ असणार, या दिवसांत झाडं पानं टाकतातच. नखाने साल खरवडून पाहिली. आतून हिरवी लागायला हवी. अंधार पडला होता, रंग नीट कळला नाही. कॅन पुरता ओतला.

७ एप्रिल
रोज जातोय. फांद्या काटकन मोडतात. आता पानगळ म्हणायची माझीही छाती होत नाही.

११ एप्रिल
मांजरी गावाकडच्या एका नर्सरीतून तेवढ्याच उंचीचं कांचन आणलं. नर्सरीवाल्याला म्हटलं, जुन्याची जोडी लावायचीय. तो म्हणाला, न्या की, चांगलं हाय.

दुपारी टेकडीवर कोणी नसतं. जुनं उपटायला कुदळ नेली होती, हेमानेच शोधून दिली. लागलीच नाही. एका हाताने वर आलं. तेव्हा फार वाईट वाटलं. पलीकडच्या झुडपांत टाकलं, त्याच खड्ड्यात नवीन लावलं. तीच माती, तीच जागा. मग फरक तो काय?

२० मे
नवीन रोपाला पालवी! एक दिवस चुकवला नाही. वजन उतरलंय, दम लागत नाही. दिगू असता तर पाठीवर थाप मारली असती. वहिनींना ताजा फोटो पाठवला. उत्तर नाही. बाळाच्या गडबडीत असतील.

३ जून, सकाळी दहा
वहिनी काल रात्री आल्या. आज पहाटे आम्ही बरोबरच वर गेलो. मी भरलेला कॅन नेला, मुद्दाम त्यांच्या पुढे चाललो. रोपाजवळ पोचल्यावर म्हटलं, बघा, कसं तरारलंय. त्यांनी एका पानावरची धूळ पुसली. मग म्हणाल्या, भावजी, हेमाने मला एप्रिलमध्येच फोन केला होता. नवीन झाडासाठी तुम्ही रोज चढताय, एवढं ऐकून गप्प बसले. हे चांगलं आहे, राहू दे. पण यांचं कुठे टाकलंत ते दाखवा. यांच्या राखेत वाढलेलं तेवढंच होतं.

मी झुडपांकडे हात केला. नक्की कुठे, ते आठवेना. सगळीकडे वाळक्या काटक्या. वहिनी पदर खोचून वाकल्या. एकेक काटकी उचलायच्या, बघायच्या, खाली ठेवायच्या. मला म्हणाल्या, ही का? मी म्हटलं, नाही. खरं तर मला ओळखू येत नव्हती.

दिगू, मला माफ कर, असं लिहायला बसलो होतो. पण माफी वहिनींची मागायला हवी. ऊन वाढलं म्हणून मी खाली आलो. त्या अजून वरच आहेत.