येऊन राह्यली

माय, तुझी नात गाण्यात जिंकली. गोंदिया-नागपुरात नाही, पार परदेशात, देशोदेशीचे गाणारे जमतात त्या स्पर्धेत तिचं गाणं पहिलं आलं. निकाल लागला त्या सकाळी मी इथं बालाघाटात खुर्चीवर मोबाइल धरून एकटीच बसली होती. शेजारीण आली, "बधाई हो आंटी" म्हणाली, अन् पोराच्या शाळेची वेळ झाली म्हणून चहा न घेताच गेली. तुझ्या जावयाले जाऊनही आता बरीच वर्षं झाली. घरात मराठी बोलाले कोणी राह्यलं नाही, म्हणून तुलेच सांगून राह्यली.

गाणं सारं हिंदीत आहे. एकच ओळ आपल्या बोलीतली, ती फिरून फिरून येते: "येऊन राह्यली, येऊन राह्यली." ती तुझी आहे. तुले राजेगावले फोन लावला की मी विचारायची, "कधी येतेस व माय?" अन् तू भांड्यांच्या खडखडाटातून ठणकावून सांगायची, "हौ व, येऊन राह्यली." म्हणजे येतच आहे, निघालीच समज. पोरगी तवा लहान, तिची बोलचाल सारी हिंदीतली. तिनं आपल्या मनानं अर्थ लावला, आकर रह गई. आली अन् इथंच राह्यली. फोन ठेवला की ती तुले घरभर शोधायची, दारामागंही पाह्यची. मले हासू यायचं. मी काही तिले समजावलं नाही. मले वाटे, आज ना उद्या तू येशीनच, मंग समजावाचं कामच काय.

तू आलीच नाही. धानाचं रोवणं झालं की येतो, चुरणा होऊन धान घरात आलं की येतो, मंग गाय व्यायची आहे. बस तर तुझ्या दारावरून जाते. एक दिवस मीच थैली घेऊन तुले न्यायले आली. तू चुलीपुढं बसून भात वैरून राह्यली आहे, मी तुझे लुगडे थैलीत कोंबून राह्यली आहो, अन् तू पळी काही खाली ठेवत नाही. "लेकीच्या घरी पावणी चार दिस शोभते," तू म्हणते. "कायमची गेली तर लोक म्हणतीन, पोरगा नाही म्हणून लेकीच्या दारात पडली."

"लोकाईले लागो आग," मी म्हटलं.

"जास्त बोलू नको. ताट घे, जेव."

जेवली, अन् रिकामी थैली घेऊन परत आली. पुढच्या उन्हाळ्यात तू तिथंच गेली. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणोत बापडे. मले आहे राग, अजूनही आहे.

काल पोरीचा फोन आला. गाणं आता दुसऱ्या भाषांतही निघणार आहे. "मम्मी, एक बार पक्का बता दो. येऊन राह्यली मतलब आकर यहीं रह गई, है ना? सब रो पड़े थे इसी लाइन पर." खरं माझ्या जिभेवर होतं. बेटा, ती फक्त येतो म्हणे, आली कधी नाही. तेवढ्यात तिनंच विचारलं, "नानी किस कमरे में रहती थी? मुझे ठीक से याद नहीं आ रहा."

"मागच्या खोलीत," मी म्हटलं. "खिडकीपाशी. अन् हौ, अर्थ तोच."

हे लिहिलेलं कुठं धाडू? राजेगावच्या घरी आता दुसरेच लोक राहतात. टाळ्या वाजवणाऱ्या त्या साऱ्या लोकाईच्या घरी तू आली, पोरीच्या घरीही आली. आपली बोली मले एकटीले समजते, म्हणून फक्त माझ्या घरी नाही आली.

एक राह्यलं सांगायचं. काल फोन ठेवल्यावर मी मागची खोली झाडून काढली, खाटेवर धुतलेली चादर टाकली. पोरगी आली तर दाखवाची आहे, असं शेजारणीले सांगतलं. तिच्यासाठी नाही झाडली व, माय.