वाजंत्री कोणाला म्हणावं?

तीर्थस्वरूप मामांना उभ्या उभ्याच नमस्कार (साष्टांग घालणार होतो, पण बँडच्या गणवेशाची विजार गुडघ्यावर आधीच उसवलीय). तुमचा खोकला कसा आहे? मामींची कंबर? इकडे सगळे ठीक, म्हणजे मी सोडून.

तर झालं असं, की लग्न करीन तर हिच्याशीच म्हणून जिच्यासाठी मी वर्षभर घर डोक्यावर घेतलंय, तिच्या वडिलांना भेटायला गेलो. ते भाषेचे निवृत्त मास्तर (शब्द तोलून वापरतात, चहात साखर मात्र विसरतात). करता काय, म्हणाले. 'कलाकार' म्हणून सुटलो असतो, पण बँडचा लाल कोट नेमका हातात होता. "म्हणजे वाजंत्री!" असं म्हणून त्यांनी पायावर पाय टाकला. मला झोंबलं. म्हटलं, मास्तर, हा काही ऐरागैरा शब्द नाही. वाद्य आणि यंत्र मिळून वाजंत्र, आणि ते जो बाळगतो तो वाजंत्री. (हे मला लहानपणी तुम्हीच सांगितलेलं, तिथे मी स्वतःचं म्हणून खपवलं.) मास्तरांनी कोश काढला, चष्मा पुसला, पान शोधलं आणि चक्क मान डोलावली. मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर! त्या भरात बोलून गेलो, की बँडमध्ये आजवर माझा एकही सूर चुकलेला नाही. स्वयंपाकघराच्या दारातून तिनं डोळे वटारले, पण जीभ सुटली ती सुटलीच. मास्तर म्हणाले, "मग पुढच्या महिन्यात माझ्या वाढदिवसाला इथेच वाजवा. एकटे. मग लग्नाचं बोलू."

तरी शब्द मीच जिंकला की नाही, सांगा.

तुमचा उचापती भाचा

ता. क. गिऱ्हाइकाला रांग भरगच्च लागते, म्हणून आमचे बँडमास्तर मागच्या ओळीत काहीजण नुसते गाल फुगवायला उभे करतात. त्यातला मी एक. तुम्ही एवढ्या विश्वासानं दिलेल्या क्लॅरिनेटला सूर काढणारी पत्तीच नाही. फुंकली की नुसता वारा. रागावू नका, मी 'बाळगतो' म्हणालो होतो, 'वाजवतो' नव्हे. वाढदिवसाला तुम्ही पडद्यामागून वाजवा, मी पुढे बोटं नाचवीन.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवतानाच ती आली. म्हणाली, बाबा गायनमंडळात मागच्या ओळीत उभे राहून वर्षानुवर्षं नुसते ओठ हलवतात; माझे गाल त्यांनी एका लग्नात केव्हाच ओळखले होते. म्हणून तर "एकटे" म्हणाले. तेव्हा पडद्याचं राहू द्या. मामा, मला ती हवीय हो. महिनाभरात एक साधीशी चाल बसेल ना? लगेच या आणि येताना पत्ती आणा. दोन आणा, पहिली मी चावून टाकणार.