मुहूर्ताचा रकाना

भिलाई, ९ फेब्रुवारी १९८४

दोन महिने या वहीला हात लावला नाही, चुकलंच. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या मंगल कार्यालयाचं बांधकाम हे कारण खरं. पण आज लिहितोय ते लाज वाटते म्हणून.

नव्या हॉलसाठी पहिला अर्ज मंडळाचे सभासद मेश्राम यांचा आला, मुलीच्या लग्नाचा. स्लॅब ओतला तेव्हा प्लँटमधून रजा टाकून दिवसभर उभे होते ते. अध्यक्षांनी सभेत अर्ज पाहिला.

"मुहूर्ताचा रकाना रिकामा आहे. अर्ज अपुरा."

"साहेब, आमच्या बौद्ध लग्नात मुहूर्त कोण पाहते? मंग काय लिहू?"

"पंचांग आणून देऊ का?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मेश्राम अर्ज खिशात घालून निघून गेले.

मी सचिव. अर्जाचा नमुना मीच केला, तो रकाना मीच आखला. तेव्हा मेश्राम शेजारीच बसले होते, तरी त्यांच्या घरचं लग्न माझ्या मनात आलं नाही. विसरलो, की त्यांना आपल्यात धरलंच नव्हतं? आणि आज, मंजुरीची सही माझी असताना, गप्प का बसलो?

उद्या: मेश्रामांच्या घरी जाऊन अर्ज मागून घेणे आणि तिथेच सही करणे.