जास्तीचं उत्तर

९ जानेवारी

पत्र आलं. पाकिटावर बायकोचं नाव! दारातच उभा राहिलो. पोस्टमन म्हणाला, "काका, सही." केली. त्याचं पेन माझ्याच हातात राहिलं, बिचारा अर्ध्या जिन्यातून परत आला.

पत्र कुठल्याशा शाळेतल्या गणिताच्या बाईंचं. छापखान्याच्या पत्त्यावर पाठवलेलं, तिथून इकडे आलं. ती गेली हे त्यांना ठाऊक नाही. "आदरणीय बाई, आपलं सरावपुस्तक आम्ही दोन वर्षं वापरतो, मुलांना आवडतं. मात्र समांतर आणि लंब रेषांच्या धड्यात शेवटच्या पाच प्रश्नांची, म्हणजे चौदा ते अठरा यांची, उत्तरं चुकली आहेत. कृपया पाहावं."

सोबत छापखानेवाल्यांची चिठ्ठी. "नवी आवृत्ती महिनाअखेर मशीनवर चढते. एका मास्तरांकडून उत्तरं बदलून घेतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

पाच. सलग पाच!

हो म्हटलं नाही अजून.

११ जानेवारी

दोन दिवस पत्र टेबलावर आहे. जेवताना ताट त्याच्यापासून लांब ठेवतो. हे कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहितो.

तिने ते पुस्तक पेन्सिलीने लिहिलं. कधी गॅससमोर उभ्याने, कधी कॉटवर मांडी घालून. खाडाखोड फार. छापखान्याला द्यायची शाईची प्रत मी केली. माझं कामच ते — बत्तीस वर्षं कचेरीच्या नक्कल विभागात काढली. मूळ कागदातली ओळ उतरवून झाली की तिच्याशेजारी लाल पेन्सिलीचं टिंब. ओळ गाळणं म्हणजे आमच्याकडे पाप. बत्तीस वर्षांत माझी एक ओळ गळली नाही, साहेब नव्या लोकांना माझं नाव सांगायचे.

नक्कल झाली की रुजवात घ्यायची असते. म्हणजे एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ताडायचं. मी म्हटलं, बसूया का रुजवातीला? ती म्हणाली, "तुमच्या नकलेची रुजवात? उद्या सूर्याला म्हणाल उगवल्याची पावती दे." राहिलं.

कच्च्या वहीत ती आकडे घालत नसे, क्रमांक मी नकलेत टाकायचो. तर या धड्याशी मी आलो तेव्हा प्रश्न अठरा आणि उत्तरं एकोणीस! शेवटचं उत्तर x = 7. एवढंसं. त्याला प्रश्नच नव्हता. मनात आलं — ही चुकली. जिला वर्गाच्या दारातून शेवटच्या बाकावरच्या पोराची चूक दिसायची, ती चुकली. दमली असेल. कशाला दुखवायचं? ते उत्तर मी उतरवलंच नाही. तिला बोललो नाही.

पुढच्या वर्षी चष्मा फ्रिजमध्ये सापडला. मग किल्ल्या. मग एक दिवस शाळेतून घरी यायची वाट तिला आठवेना. फोटो काढले, डोक्यात गाठ. डॉक्टर म्हणाले, "गाठ जुनी दिसते. लवकर आला असतात तर वेगळं काही करता आलं असतं. याआधी कधी चुकणं, विसरणं लक्षात आलं होतं?" मी म्हणालो, "नाही. हे दोन महिनेच."

x = 7 गिळून टाकलं.

ती ऑगस्टमध्ये गेली. आणि आता एक नाही, पाच उत्तरं. म्हणजे तेव्हाच सुरू झालं होतं, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी त्यावर पांघरूण घातलं.

१२ जानेवारी

छापखान्यात फोन केला. म्हटलं, मास्तर नकोत, मी बघतो. तिकडून — "तुम्ही? तुमचं गणित..." मग खोकले. भले माणूस. म्हणाले, "बघा बघा. पण अठ्ठावीसच्या आत."

कुणा परक्या माणसाने लाल शाईने तिची पाच उत्तरं खोडायची, हे मला बघवणार नाही. चुकली असतील तर ते मला आधी कळू दे.

१३ जानेवारी

धडा पहिल्यापासून वाचायला घेतला. शाळेत गणितात मी काठावर पास. पण ती समोर बसून सांगते आहे असं लिहिलंय. "चढ म्हणजे काय? उजवीकडे एक पाऊल गेलात, तर वर किती गेलात? खाली गेलात तर उणे. एवढंच. घाबरू नका."

समांतर रेषा म्हणजे सारख्या चढाच्या. हे कळलं! चढ तोच ठेवायचा, फक्त दिलेल्या बिंदूतून न्यायची. सहा गणितं केली, सहाही बरोबर. स्वतःसाठी दुसरा चहा केला.

१४ जानेवारी

लंब कळत नाही. "चढांचा गुणाकार उणे एक." का पण?

१५ जानेवारी

खालच्या सुताराकडे गेलो. काटकोन त्याच्याइतका कोण जाणतो? चौकटीचा कागद घेऊन गेलो तर म्हणाला, "काका, या वयात शाळेत नाव घातलंत की काय?" म्हटलं, तसंच समज. त्याने रंधा बाजूला ठेवला, काटकोन तपासायचा गुण्या कागदावर ठेवला. एक हात असा फिरवला की तीन घरं उजवीकडे, दोन घरं खाली. "आता दुसरा हात बघा कुठे गेला." मोजलं. दोन घरं उजवीकडे, तीन घरं वर! पुन्हा फिरवला. एक उजवीकडे, चार वर — तर दुसरा चार उजवीकडे, एक खाली. दर वेळी आकडे जागा बदलतात, आणि एक उतरला की दुसरा चढतो.

"काटकोन मोडत नाही काका, नुसता फिरतो. आमच्याकडे याला गणित म्हणत नाहीत, धंदा म्हणतात." मग म्हणाला, "काकूंनी माझ्या पोरीला हेच शिकवलं होतं. माझाच गुण्या नेला होता. आठ दिवस परत दिला नाही!"

माझ्या हातातला गुण्या मी लगेच परत दिला.

१७ जानेवारी

चौदावा सोडवला.

2x + 3y = 6 या रेषेला लंब, (4, 1) मधून जाणारी. रेषेचा चढ उणे दोन-तृतीयांश, लंबाचा तीन-द्वितीयांश. माझं उत्तर 3x − 2y = 10. तीनदा केलं. पुस्तकात छापलंय 2x + 3y = 11.

ती रेषा (4, 1) मधून जाते खरी. पण लंब नाही. समांतर आहे! ती लंबाला समांतर म्हणाली. तेवीस वर्षं जे शिकवलं तेच उलटं.

पुस्तक मिटलं. बाहेर जाऊन रस्त्याच्या टोकापर्यंत चाललो, परत आलो. पत्रवाल्या बाईंचं बरोबर आहे.

१८ जानेवारी

पंधरावाही चूक. दुसरीच रेषा, दुसराच बिंदू. काही ताळमेळ नाही.

२० जानेवारी

थांबणार होतो. पण अर्धी नक्कल टाकून उठायची सवय नाही. सोळा, सतरा केले. छापलेली दोन्ही उत्तरं चूक. शेवटी अठरावा. "x-अक्षाला लंब आणि (7, 2) मधून जाणारी रेषा." इथे माझं सूत्रच अडलं, भागायला शून्य येतं! पानं उलटली. तिने खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "इथे सूत्र ठेवा बाजूला आणि चित्र काढा." काढलं. सातावर सरळ उभी रेषा, ओळंबा सोडल्यासारखी. वर जा, खाली जा, x सातच.

उत्तर लिहिलं. x = 7.

लिहिलं आणि बघत बसलो.

हे तर तेच! जास्तीचं. मी उतरवलं नव्हतं ते.

मग माझा कागद आणि पुस्तक शेजारी शेजारी ठेवले. कचेरीत ठेवायचो तसे. माझं चौदाव्याचं उत्तर, 3x − 2y = 10, पुस्तकात पंधरापुढे आहे. माझं पंधराव्याचं सोळापुढे. सोळाव्याचं सतरापुढे. सतराव्याचं अठरापुढे. आणि अठराव्याचं x = 7 — ते एकोणीसपुढे होतं, मी टाकलं!

एकही उत्तर चूक नाही. सगळी एकेक घर खाली सरकली आहेत. प्रश्नच एक कमी पडलाय. चौदाव्यापुढे जे छापलंय ते हरवलेल्या प्रश्नाचं उत्तर — तीच रेषा, तोच बिंदू, पण समांतर.

तीन वर्षांपूर्वी तिने एकोणीस गणितं सोडवली. एकोणीसच्या एकोणीस बरोबर.

 

२१ जानेवारी

काल लिहिलं ते पुन्हा वाचलं. घाई झाली.

प्रश्न हरवला, पण कुणाकडून? तिने उत्तर काढलं आणि प्रश्नच लिहायची विसरली, असंही असेल. मग ते विसरणंच झालं. नाहीतर प्रश्न तिने लिहिला होता आणि मी गाळला. दोन ओळी एकासारख्या एक, रेषा तीच, बिंदू तोच. नजर वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर उतरू शकते. नव्या लोकांना आम्ही हेच पहिल्या दिवशी बजावायचो.

पण मी?

जन्मात पहिल्यांदा वाटतंय, चूक माझी निघावी.

तिची कच्ची वही बघायला हवी. तिच्या सगळ्या वह्या लेकीने तिच्या घरी नेल्या आहेत. मीच म्हणालो होतो, ने, मला बघवत नाहीत. संध्याकाळी फोन केला. "निळ्या पुठ्ठ्याची वही पाठव. कुरिअरने." ती म्हणाली, "बाबा, सगळ्याच निळ्या आहेत. आईला दुसरा रंग माहीत होता का?"

२३ जानेवारी

वही आली. चुकीची. हजेरीची निघाली. तिचे सगळे 'गै' एकाच उंचीचे.

२४ जानेवारी

लेकीला पुन्हा फोन. ती चिडली. "बाबा, काय शोधताय ते नीट सांगाल का? दर दोन दिवसांनी एक वही मागायची, मी रात्रंदिवस काळजी करायची." सांगणार नव्हतो. सांगितलं. x = 7, डॉक्टर, मी काय बोललो, काय नाही. सगळं. बोलताना भिंतीकडे तोंड केलं होतं, जसं काही लेक समोरच बसली आहे.

तिने तिकडे दार लोटून घेतल्याचं ऐकू आलं. मग — "तीन वर्षं हे पोटात ठेवलंत?"

म्हटलं, "हो."

"आणि आईचं गणित तपासायला तुम्ही गणित शिकलात?"

"थोडंसं."

ती रडत होती की हसत, कळलं नाही. नाक ओढून म्हणाली, "आई असती तर म्हणाली असती, तीस वर्षं उशिरा आलात, अंगठे धरून उभे राहा." मग म्हणाली, "मीच शोधते. पान उघडून बघणार नाही. तुम्हीच बघा."

२५ जानेवारी

काही नाही आलं.

२६ जानेवारी

आज सुट्टी, कुरिअर बंद. सुताराची पोर जिन्यात भेटली. आता कॉलेजात आहे. विचारलं, काटकोनाचं गणित येतं का अजून? म्हणाली, "आजोबा, बाईंनी शिकवलेलं विसरायला होत नाही. विसरले तर त्या स्वप्नात येतात." मी म्हटलं, माझ्या येत नाहीत. ती ओशाळली. मी म्हटलं, अगं, गंमत केली.

खरंच गंमत केली. कितीतरी महिन्यांनी.

२७ जानेवारी

वही आली. पान सापडलं. चौदावा प्रश्न तिच्या अक्षरात आहे, स्वच्छ, खाडाखोडसुद्धा नाही. "2x + 3y = 6 या रेषेला समांतर आणि (4, 1) मधून जाणाऱ्या रेषेचे समीकरण काढा." पानभर प्रत्येक ओळीशेजारी माझं लाल टिंब. फक्त हिच्याशेजारी नाही.

गाळली. मी!

छापखानेवाल्यांना कळवलं, एकही उत्तर बदलू नका, एक प्रश्न वाढवा, मी गाळलेलं एक उत्तर परत घाला. मग लाल पेन्सिल काढली, टिंब दिलं, आणि पानाखाली रीतीप्रमाणे लिहिलं. मूळ लिहिणार — ती. नक्कल करणार — मी. रुजवात घेणार — मी. सही केली.