चूंचूं बूट

३ तारीख, सोमवार
आले बाई एकदाची लेकाच्या घरी! चौथी शिकलेली मी, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण लेक म्हणाला, आई, दिवसभर बोलायला कोणी नाही, वहीशी बोल. काळं पेनही दिलं. तो नि सून सकाळीच कामाला जातात. मग मी आणि नात. सव्वा वर्षाची, माझी भिंगरी. वाजणारे बूट घालून घरभर फिरते. डावा चूं, उजवा चूं. चहा गाळता गाळता कळतं, कुठल्या खोलीत आहे ते. खाली नळाशेजारी गटार फुटलंय, तेवढंच काय ते वाईट. मालकाला सांगून सुनेचं तोंड दुखलं म्हणे.

९, रविवार
आज पोलिओचा डोस. दोघांनाही कामावर बोलावलं. सून चारदा बजावून गेली, घरं बदलण्यात आधीचे राहिलेत, आज बूथवर न्याच. निघणार तर भिंगरी मांडीवरच झोपली. गाल कसे टम्म! उठवायचा जीव होईना. एवढी गुटगुटीत पोर, तिला काय धाड भरलीय? डोस दिला की करंगळीच्या नखावर काळी खूण करतात. ती मीच केली, ह्याच पेनानं. संध्याकाळी सुनेनं त्या करंगळीचा मुका घेतला. मला हसूच आलं.

१०, सोमवार
राहिलेली मुलं शोधत डोसवाल्या ताई दारोदार फिरत होत्या. मी करंगळी दाखवली. पाणी प्यायला टेकल्या, तेव्हा म्हणाल्या, हा रोग विष्ठेतून पाण्यात जातो, हाताला लागतो, तिथून पोराच्या तोंडात. पुष्कळ मुलांना काही होत नाही, पण ती दुसऱ्याला देतात. म्हणून दर वेळी प्रत्येकाला थेंब. एकदा पाय गेला की औषध नाही.
त्यांची डोसाची पेटी माझ्या गुडघ्याला लागून होती. मी रिकामा पेला विसळायला उठले. दारावर खडूनं खूण करून गेल्या.

१६, रविवार
नखावरची खूण पुसत आली. पुन्हा गडद केली.

१९, बुधवार
भिंगरीला ताप. उलटी. डॉक्टरांनी डोसाचं विचारलं. सुनेनंच करंगळी पुढे केली. मी खाली बघत —

२२, शनिवार, सकाळ
ताप उतरला. दोघं कामाला गेली. डावा पाय लोंबतोय. चिमटा काढला तर रडते, पाय ओढून घेत नाही.
सुनेला फोन केला. निघाली म्हणाली. काय झालं ते — नाही सांगितलं.

दुपार
नख साबणानं घासलं. निघत नाही.
बूट घातले. काखेत धरून उभी केली. चूं.
म्हटलं, दुसरा टाक गं माझे आई.
चूं. तोच. पुन्हा तोच —
जिन्यात सुनेची चप्पल वाजतेय. सांगते. दार उघडलं की आधी हेच. सूनबाई, ती खूण मी