बुसानहून आलेली पुरचुंडी

नागोया,
२ सप्टेंबर १९९६

ती. आईस,
चिनामीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू दोन वाक्यांत आटपतेस, आणि त्या एका चांगल्या कानाने ऐकतेस तेही तुला हवं तेवढंच. म्हणून लिहायला बसले.

तू एकटी बोटीने समुद्रापलीकडे बुसानला जाणार हे मला शेजारच्या काकूंकडून कळावं, याचं वाईट वाटलं. पण ते राहू दे. आमच्या विमा-कचेरीत परदेशात लुबाडल्या गेलेल्यांचे दावे माझ्याच टेबलावर येतात. कोणाची पर्स गेली, कोणाला गोड बोलून कुठे नेलं, हे मी रोज वाचते. सगळ्यांची सुरुवात एकाच वाक्याने होते, की माणूस फार चांगलं वाटलं.

तेव्हा एवढं कर. पैसे आणि पासपोर्ट पोटपट्टीत बांध. रस्त्यात कोणी आपली भाषा बोलत जवळ आलं तर थांबू नकोस. कोणी दिलेलं खाऊ नकोस. आणि कोणी काही न्यायला दिलं तर हातही लावू नकोस, मग तो देणारा साक्षात भिक्षू असला तरी. बाबा बरोबर असते तर मी एक अक्षर बोलले नसते. ते गोदीतल्या दहा देशांच्या खलाशांशी हातवारे करून गप्पा मारायचे. तू मासळीवाल्यालाही भाव विचारायला लाजतेस.

आणखी एक. बाबांचा अस्थिकलश वर्षश्राद्धापर्यंत घरात आहे. तू नसताना त्यांच्यापुढे रोजचा भात कोण ठेवणार, याचा विचार केला आहेस का?

कळावे. माझ्यावर माया असेल तर बेत बदल, आणि बदलणार नसशील तरी माया असू दे.

तुझी,
चिनामी


शिमोनोसेकी,
८ सप्टेंबर १९९६

चि. चिनामी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या सगळ्या सूचना पाळायच्या तर मला कोणीतरी खोक्यात घालून, वर दोरी बांधून पाठवावं लागेल. पोटपट्टी मात्र शिवून घेतली. तेवढं तुझं ऐकलं.

तू लहानपणापासून अशीच. जत्रेत तुझे बाबा तुला खांद्यावर घ्यायचे आणि तू वरून आमच्या चपला मोजायचीस.

मी का जाते ते सांगते. ती बोट रोज संध्याकाळी भोंगा देऊन निघते. भोंगा झाला की तुझे बाबा हातातलं काम थांबवून म्हणायचे, निघाली. तिच्या इंजिनाला त्यांचा हात कितीदा लागला, पण तिच्यावर त्यांचा पाय काही पडला नाही. निवृत्त झाल्यावर जाऊ म्हणून दोघांचे पासपोर्ट काढले होते. त्यांच्या पासपोर्टात एकही शिक्का नाही. नोव्हेंबरात वर्षश्राद्ध झालं की ते कलशासकट थडग्यात जातील. त्यानंतर मी गेले काय, न गेले काय, सारखंच.

माझी शाळा लवकर सुटली, पण वाचायचं सोडलं नाही. ग्रंथालयातून बुसानवरचं जे मिळालं ते सगळं वाचलं. त्यात चोरांबद्दल फार नाही, सूपाबद्दल बरंच आहे.

बाबांच्या भाताची काळजी करू नकोस. त्यांना तो चुकणार नाही आणि माझ्याच हातून मिळेल, अशी व्यवस्था केली आहे.

थंडीचे कपडे बाहेर काढलेस का? जेवत जा. कळावे, आणि आईवर रागावलीस तरी पत्राला उत्तर देत जा.

तुझी,
आई


बुसान,
२४ सप्टेंबर १९९६

चि. चिनामी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी खुशाल आहे. हे आधी वाच, मग पुढचं वाच.

तुला एक सांगितलं नव्हतं. आपण काड्यांनी बाबांच्या अस्थी वेचल्या, तेव्हा गळ्याचं ते छोटं हाड शेवटी मी ठेवलं होतं, आठवतं? निघायच्या आदल्या दिवशी ते मी कलशातून काढलं, चहाच्या डब्यात ठेवलं आणि डबा निळ्या रुमालात बांधला. बोटीवर मी त्यांना कठड्याशी घेऊन बसले. इंजिनाचा आवाज चांगला होता. रोज सकाळी खोलीत भाताची वाटी त्यांच्यापुढे ठेवते. झाली ना व्यवस्था?

आता काल काय झालं ते. मासळीबाजारात जेवायला गेले. गर्दी मोठी. एक खुर्ची रिकामी दिसली, तिच्यावर मी रुमालातलं गाठोडं ठेवलं आणि मासा निवडायला टाकीपाशी गेले. आपल्याकडे सगळे असंच करतात. खुर्चीवर पिशवी दिसली की जागा धरली आहे, विषय संपला. परत आले तर खुर्चीवर एक जाडजूड गृहस्थ सूप पीत बसलेले, आणि गाठोडं नाही. टेबलाखाली नाही, कुठेच नाही.

चिनामी, मी ओरडले नाही. ओरडायचं तरी कोणत्या भाषेत? पोटपट्टीवरून हात फिरवला. पैसे जागच्या जागी होते. तेव्हा कळलं की मी काय केलं. पैसे पोटाशी बांधले आणि नवरा खुर्चीवर ठेवून गेले.

खाणावळीच्या दाराशी सुकी मासळी विकणारी एक म्हातारी बसते. तिने मला बोटाने बोलावलं. गाठोडं तिच्या मांडीवर होतं, दोन्ही हातांखाली. आणि मग तिने मला आपल्या जपानी भाषेत जे झाडलं! म्हणाली, खुर्चीवर सामान टाकून हुंदडायला हा काय तुझ्या घरचा ओटा आहे? चोर आला म्हणून गाठोडं हाक मारणार होतं का? इतकी पिकलीस तरी अक्कल कशी नाही? शब्द शाळकरी पोरीचे, स्वर सासूचा. तिच्या लहानपणी तिथे आपलं राज्य होतं, तेव्हा आपली भाषा तिला शाळेत छड्या मारून शिकवलेली. पन्नास वर्षांत तोंडातून काढली नव्हती, माझ्यासाठी काढावी लागली, याचाही राग होता.

नंतर तिने रुमालावरून डबा चाचपत विचारलं, चहासाठी एवढी पांढरीफटक का पडलीस? मी खरं ते सांगितलं. तिने मग आत हाक मारली. इथे खाणावळवालीला मावशी म्हणतात. मावशीकडून तिने गरम भाताची वाटी मागवली, डब्यापुढे ठेवली, आणि भातात चमचा उभा केला. तिथे तसा चमचा मृतासाठीच उभा करतात, म्हणून हा घास कोणासाठी ते आसपासच्या सगळ्यांना कळलं. सूप पिणारे गृहस्थ न सांगता उठले आणि पलीकडे जाऊन बसले. म्हातारीने विचारलं, हे काय पितात? मी म्हटलं, मिळेल ते. ती पहिल्यांदा हसली, म्हणाली, मग चांगला नवरा होता.

तिचं नाव सुनदोक. तिचं लग्न झालं आणि पुढच्या वसंतात, युद्ध संपायच्या आदल्या वर्षी, नवऱ्याला आपल्याकडे क्यूशूच्या कोळसाखाणीत जबरीने कामाला नेलं. नाव बे इनगिल. एक पत्र आलं, मग काही नाही. माणूस नाही, निरोप नाही, अस्थी नाहीत. मी माफी मागायला वाकले, तर तिने माझा खांदा धरून मला सरळ केलं. म्हणाली, तू तेव्हा केवढीशी होतीस. बस, मासा निवतोय.

आज सकाळी ती माझ्या उताऱ्यावर आली. हातात शिवून बंद केलेली कापडाची पुरचुंडी. आत त्याचा जेवायचा पितळी चमचा आहे म्हणाली, लग्नातला. म्हणाली, "तुझा तुला परत मिळाला. माझा तुमच्याकडेच कुठेतरी आहे. तो इतकी वर्षं कशाने जेवत असेल?" कुठे शोधायचं ते तिला माहीत नाही, मलाही नाही. मी पुरचुंडी घेतली.

आठवड्याने निघते. आता तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. तरी लिही.

तुझी,
आई


नागोया,
३० सप्टेंबर १९९६

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू पोहोचशील तेव्हा हे पत्र दारात असेल.

बाबांचं वाचून मी कचेरीच्या जिन्यात जाऊन बसले. त्याबद्दल आता लिहीत नाही, लिहिता येत नाही.

पण दुसरं लिहायलाच हवं. आई, शिवलेली पुरचुंडी! तुला भेटून एक दिवस झालेली बाई, आत काय आहे ते ती सांगते, आणि तू ते घेऊन सीमा ओलांडतेस? ती खोटारडी आहे असं मी म्हणत नाही. आमच्या दाव्यांतली माणसंही कधी खोटारडी वाटत नाहीत. तुझं दुःख तिने दोन मिनिटांत ओळखलं आणि तेवढंच मोठं दुःख तुझ्यापुढे ठेवलं. हे खरं असू शकतं. पण फसवणाराही हेच करतो. तुला पकडलं तर तू ऐकू येत नाही म्हणून भलत्याच प्रश्नाला हो म्हणशील.

आणली असशील तर उसवू नकोस, सरळ पोलीस चौकीत नेऊन दे. तुला वाईट वाटेल हे कळतं. मला आता एकच उरली आहेस, हे तूही कळून घे.

लोभ आहे, म्हणूनच एवढी कटकट.

तुझी,
चिनामी


शिमोनोसेकी,
४ ऑक्टोबर १९९६

चि. चिनामी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोहोचले. बाबा परत कलशात आहेत.

बंदरावर जकातीच्या तरुण अधिकाऱ्याने विचारलं, दुसऱ्या कोणाचं सामान आहे का. चांगल्या कानाने ऐकलं आणि हो म्हटलं. त्याने पुरचुंडी यंत्रातून घातली, मग कात्री घेतली. मी म्हटलं, उसवा, पण दोरा जपून. आतून चमचा निघाला, आणखी काही नाही. एका बाजूने झिजलेला. म्हणजे तो डावखुरा असावा. अधिकाऱ्याने चमचा उलटसुलट पाहिला आणि कोणाचा म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्याने नुसती मान लववली. माझ्याकडे सुई होती. त्याच्या टेबलाशी उभी राहून मी पुरचुंडी पुन्हा शिवली, तिच्याच टाक्यांच्या भोकांतून. मागची रांग थांबली होती. कोणी कुरकुरलं नाही.

तुझं म्हणणं चुकीचं नव्हतं. आत दुसरं काही निघालं असतं तर मी आज तुला हे लिहीत नसते. पण मलाही तेव्हा उसवून बघता आलं असतं, आणि तिच्यासमोर मी ते करू शकले नाही. माझं माणूस तिने मांडीवर घेतलं होतं, डबा उघडून न बघता.

आता चमचा माझ्याकडे आहे आणि तो कुठे न्यायचा ते ठाऊक नाही. रात्री झोप नीट लागत नाही. तुझ्यासारखं कागदपत्रांतून माणूस शोधणं मला येत नाही.

कळावे. रागाचा भर ओसरला की लिही.

तुझी,
आई


नागोया,
२१ ऑक्टोबर १९९६

ती. आईस,
सा. न. वि. वि.

राग ओसरला नव्हता तेव्हाच कामाला लागले होते, हे खरं सांगते. तुझं बुसानचं पत्र आल्यापासून मी त्या बाईची गोष्ट तपासत होते. खोटी निघावी म्हणून. तू चमच्याचं लिहिलंस तोवर अर्ध्या खाणींची माहिती माझ्याकडे जमली होती.

गोष्ट खोटी नाही. त्या वर्षी बुसानकडची माणसं ज्या खाणीत आणली, ती क्यूशूतल्या चिकुहोच्या भागात होती. केव्हाच बंद झाली. जवळच्या एका छोट्या देवळात बेवारस मृतांचे कलश अजून ठेवलेले आहेत. तिथल्या भिक्षूंशी मी फोनवर बोलले. बे इनगिल या नावाचा कलश नाही. पण ते म्हणाले, या माणसांना इथे आणल्यावर जपानी नावं दिली जात, खरी नावं कोणी लिहून ठेवली नाहीत, आणि काही कलशांवर तीही नाहीत. बाईंना ते जपानी नाव माहीत आहे का? मला वाटतं, नसणार.

बाबांच्या वर्षश्राद्धाला येईन तेव्हा एक दिवस जास्त रजा घेते. तू एकटी जाऊ नकोस. रस्त्याला चढ आहे.

माया असू दे.

तुझी,
चिनामी


शिमोनोसेकी,
२५ नोव्हेंबर १९९६

ती. सुनदोकताईंना,
हिसानोचा शि. सा. न.

तुम्हाला वाचता यावं म्हणून मुलांच्या पहिल्या पुस्तकासारखी मोठी, सोपी अक्षरं काढते आहे. ती बघून रागावू नका.

माझे यजमान थडग्यात विसावले. दुसऱ्या दिवशी मी आणि माझी मुलगी चिनामी चमचा घेऊन चिकुहोला गेलो. तुमच्यापासून लपवत नाही, तुमचे यजमान नावाने सापडले नाहीत. देवळाच्या मागच्या खोलीत फळीवर कलश आहेत. काहींवर जपानी नावं आहेत, काहींवर काहीच नाही. खोली स्वच्छ आहे, ऊन येतं. भिक्षू दररोज तिथे बसतात.

मी घरून जव घातलेला भात नेला होता. भिक्षूंनी वाटी घेतली आणि विचारलं, कोणत्या कलशापुढे ठेवू? एक निवडावा तर बाकीचे बघत राहतील, आणि निवडलेला तुमचा नसेल तर तुमचे उपाशी राहतील. मी चिनामीकडे पाहिलं. ही मुलगी कशालाही हात लावण्याआधी तीनदा विचारते, आणि तुमच्यावर तर तिने विश्वासही ठेवला नव्हता. तिने भिक्षूंना विचारलं, आणखी वाट्या आहेत का?

होत्या. आम्ही भात वाटून घेतला. प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच आला, पण आला. चमचा मात्र एकच. तो चिनामीने पहिल्या भातात उभा केला, डाव्या हाताशी येईल असा. आम्ही बसून राहिलो. मग तिने तो धुतला, पुसला आणि दुसऱ्या भातात उभा केला. पुन्हा बसलो. त्यातलं एक जेवण कदाचित तुमच्या यजमानांचं होतं, म्हणून कोणाचंच जेवण आटपतं घेतलं नाही. शेवटचा कलश झाला तेव्हा ऊन भिंतीवरून गेलं होतं. चमचा आता त्या सगळ्यांच्या मध्ये फळीवर आहे. भिक्षू म्हणाले, तो तिथेच राहील.

चिनामीला नागोयाची गाडी होती. तिने घड्याळ पाहिलं, काढून पिशवीत ठेवलं आणि वाट्या धुवायला गेली.

लोभ एका दिवसाचा होता, तो आता आयुष्यभर पुरवावा, ही विनंती.

आपली,
हिसानो